आप्पाच्या कढईतलं तेल

२० जाने. १९७६

व्हय, लिवतीय. तर काय करू, तुजं तोंड बघत बसू? तुज्याच चुगल्या लिवतीय, घे.

असं म्हनले तवा मल्लू हसला. हसताना हात छातीवर गेला त्याचा. मला दिसलं. त्याला वाटलं न्हाय दिसलं.

डायरी तेलवाल्या शेठनं नव्या वरसाची म्हनून मल्लूला दिली. तो म्हनला, आक्का तू घे, तू चौथी शिकलीस. सोता तिसरीत मास्तराच्या भ्यानं मैंदर्गीच्या बाजारात पळून गेलता, तवापासनं माज्या चौथीला बी.ए. म्हनतो. धाकटा भाऊ, पन जीभ थोरली. मालक गेल्यावर मी ह्याच्याकडं सोलापुरात आले ती हितलीच झाले.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली. रोज भजी तळून तळून अंगाला शेंगतेलाचा वास बसलाय. आंगूळ केली तरी माशा सोडंनात. जत्रेच्या ऐन गर्दीत मल्लू कढई सोडून उलट्या बादलीवर जाऊन बसला हुता. घामाघूम. "काय झालं रं?" तर म्हनला, "वायू धरला आक्का."

वायू. आप्पालाबी, म्हंजे आमच्या बापाला, वायूच धरलता. जेवून उठले, वायू धरला म्हनले, भिंतीला टेकले. ते टेकलेच.


२४ जाने.

शांतानं, म्हंजे मल्लूच्या बायकूनं, त्याच्या बेंबीला हिंग लावला. मी ओवा चावायला दिला. "दोघी मिळून माजं लोनचंच घाला," म्हनतो.

जिना चढला की दुखतं, बसला की ऱ्हातं. असला कसला वायू, जिन्याची वाट बघत बसनारा?

कुनाला बोलायचं न्हाय म्हनला. सुमीचं ठरलंय. मल्लूची एकच पोर ती. अकलूजची मानसं, पोरगा साखर कारखान्यात. वैशाखात बार उडवायचा. बापाला काय झालंय असं तितं कळलं तर…

मी कशाला कुनाला सांगती. डायरीला तेवढं सांगती. आन डायरी हा बाबा चोरून वाचतो. वाच मल्ल्या, वाच. तू झोपेत "गरम भजी" म्हनून वरडतोस तेबी लिवनार हाय.


२८ जाने.

दुपारचा भोंगा झाला, गिरनी सुटली, गाड्याभवती मानूसच मानूस. मल्लूच्या हातातला झारा पडला. कढईत पडला असता तर चार जन भाजले असते. तोंड राखेगत झालेलं. टांग्यात घातला, दवाखान्यात नेला.

तितला डॉक्टर पोरगाच. जाड चष्मा. माज्याकडं बघितलं आन म्हनला, "आक्का? गिरणीच्या गेटवरच्या आक्का?" मग मला वळख पटली. डॉक्टरकी शिकत हुता तवा रोज यायचा, मिरचीची भजी मागायचा आन नाक पुसत पुसत खायचा. मी त्याचं नाव नाकपुशा ठेवलतं. आता नाकपुश्याच्या हातात माजा भाऊ. तोंडावर नाव घेता येत न्हाय म्हनून हितं घेती.

छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली. पट्टी बघून नाकपुश्यानं मिरची लागल्यावानी डोळे केले.


२९ जाने.

वायू न्हाय. काळजाला रगत न्हेनारी नळी हाय, ती आतनं बारीक झालीय. मल्लूला खाटंवर निजवून ठिवलंय.

डॉ. लई खोदून इचारतो. दुखनं कुटं जातं, डाव्या हातात जातं का. मल्लू म्हनला, जातं. जबड्यात? न्हाय.

"काहींना जबड्यात जातं," डॉ. म्हनला. "दात दुखतोय असंच वाटतं. चढताना येतं, थांबलं की जातं. बायकांना तर जास्त. त्या दातावर लवंग धरतात आणि बसतात."

मी पदर सारखा केला.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

शांतानं आप्पाचं सांगितलं. आनि कुनाला न्हाय म्हनली. मीबी न्हाय म्हनले.


३ फेब्रु.

घरी आनला. वजन उचलायचं न्हाय, जिना सावकाश, तंबाखू बंद, तळलेलं बंद. भज्यावाल्याला तळलेलं बंद. "मग माशाला पानी बंद म्हनून सांगा की," मल्लू म्हनला. डॉ. ला हसू आलं पन त्यानं दाबलं.

जिभेखाली धरायची गोळी दिलीय. दुखाय लागलं की धरायची, गिळायची न्हाय. पैली गोळी ह्यानं गिळली. वर म्हनतो, "साखर सुदीक न्हाय हिच्यात."

खालच्या नळाचं पानी आता मीच चढवती. शांताला कंबरंचं हाय, मल्लूला बंदी. माजा आज डावीकडचा दात दुखला. मिसरी लावली.


६ फेब्रु.

आज डॉ. ला म्हनले, "मला चौथीपतुरच कळतंय, तेवढ्यात सांगा. नळी बारीक झाली कशानं?"

त्यानं उलट मलाच इचारलं. "शेंगतेल उघडं राहिलं तर काय होतं आक्का?"

"खवट हुतं की."

"तसंच रक्तात पण तेल असतं. ते तिथंच खवट होतं. तंबाखूनं होतं, धुरानं होतं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलानं होतं. खवट झालं की ते नळीच्या भिंतीत जाऊन बसतं. अंगात काटा मोडला की भोवती सूज येते का नाही? शरीर भांडतं त्याच्याशी. तशीच सूज आत नळीला येते. वर्षानुवर्षं. दिसत नाही, दुखत नाही. मग एक दिवस ती सुजलेली जागा फुटते, तिथं रक्ताची गुठळी होते, नळी बंद."

"हे पुस्तकात हाय व्हय?"

"पक्कं नाही अजून. आमचे एक सर म्हणायचे. मला पटलंय."

मी म्हनले, "मग तुमी आमची भजी खाऊन डॉक्टर झाला, तुमचं रगत कुनी हुंगून बघितलं का?" तर कानापतुर लाल झाला. चांगलं पोरगं हाय.

पन काट्याची गोष्ट डोक्यातनं जाईना. दिसत न्हाय, दुखत न्हाय.


१० फेब्रु.

सांजच्याला डॉ. गाड्यावर आला. भजी खायला न्हाय, कढई बघायला. मल्लू बाकड्यावर बसून हुकूम सोडत हुता, मी तळत हुते.

वाकून बघितलं. "आक्का, तळ दिसत नाही."

"तळ कशाला पायजे, हीर हाय का ती?"

"हे तेल कधीचं?"

मल्लू छाती फुगवून म्हनला, "आप्पाचं हाय."

खरंच हाय. आप्पानं गाडा लावला तवापासनं ही कढई कवा रिकामी केली न्हाय. दुध इरजायला जुनं दही ठेवतात तसं. कमी झालं की वर नवं वतायचं, खालचं जुनं तसंच. त्यानं भज्याला रंग येतो. गिरनीवाले म्हनतात, दुसरीकडं भजी मिळतात, असली तांबूस मिळत न्हाईत. आप्पा जाताना काय ठिवून गेले, तर कढई आन कढईतलं तेल.

डॉ. नं चमच्यानं तळातलं जरा वर काढलं. काकवीगत काळं, चिकाट. नाकाजवळ धरलं आन माज्याकडं केलं. मी हुंगलं. रोज हुंगती, आजच खवट लागलं.

"हे खाल्लं जातं तेवढंच नाही," डॉ. म्हनला, "ह्याचा धूर मल्लिनाथ दिवसभर ओढतात. ह्याच्यावर बसून."

डॉ. गेल्यावर मल्लू म्हनला, "शिकलेलं पोर हाय, बोलनार."


११ फेब्रु.

भांडान. मी म्हनले तेल टाकू. तो म्हनला आप्पाला टाकू का मग. मी म्हनले आप्पा त्याच तेलानं गेले असतील. ते बोलायला नको हुतं. जेवला न्हाय. शांता माज्याशी बोलंना.


१२ फेब्रु.

दात. तिसऱ्या घागरीला. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ऱ्हाले जरा. सुमी म्हनली, आत्या काय झालं. म्हनले तुज्या लग्नात कंचं लुगडं नेसू त्याचा इचार करतीय.


१५ फेब्रु.

मी मल्लूची तंबाखूची पुडी शोधून शोधून न्हानीत वतती. चुन्याच्या डबीत लपवतो, विभूतीच्या बटव्यात लपवतो, देवाला बी सोडंना. आज डॉ. कडं गेलो तवा मी चुगली केली. डॉ. माज्या तोंडाकडं बघत म्हनला, "आक्का, तुमचे दात काळे कशानं?"

"मिसरी की. दाताचं औशीद हाय ते."

"मिसरी कशाची करतात?"

आता मिसरी कशाची करतात हे गड्यानं बाईला इचारायचं का. तव्यावर तंबाखू काळी हुईपतुर भाजायची आन कुटायची. हे सांगता सांगता मीच मधी थांबले.

मल्लू असा हसला, असा हसला की डॉ. नं त्याच्या छातीवर हात ठिवला. "साडीतली तंबाखू! माजी धोतरातली ती वाईट, हिची साडीतली ती औशीद!"

मी जल्मात कवा तंबाखू खाल्ली न्हाय म्हनून सांगत आले. खोटं न्हवतं बोलत. कुनीच मिसरीला तंबाखू म्हनत न्हाय आमच्यात. आमची आय, अव्वा, लावायची, आजी लावायची. पोरीला न्हान आलं की डबी हातात.


१६ फेब्रु.

सौदा झाला. त्याची पुडी आन माजी डबी, दोनी एकदम बंद. दोघांनी कपाळाला विभूती लावून शपत घेतली. शांता साक्षीला. मल्लू म्हनला, "आक्का मोडंल बघ आदी." मी म्हनले, "मल्ल्या, मी रंडकी झाले तवा बांगड्या, कुक्कू सोडलं एका दिसात. मिसरी काय घेऊन बसलास."

बोलून गेले.


२० फेब्रु.

मि. बंद, तं. बंद. डोकं भनभन करतंय. सगळ्यास्नी चावावं वाटतं. मल्लू बडीशेप खातो शेळीवानी. दाताला आता काय लावू? लवंग धरली. लवंगेनं काय हुत न्हाय. बसलं की आपसूक ऱ्हातं.


३ मार्च

शिवरात झाली. उपासाच्या दुसऱ्या दिवशी मल्लू सोताच म्हनला, "चल आक्का, आप्पाला सोडू."

सकाळी कढई उतरली. दोघं पायऱ्यांवर बसलो. गटारात वतायला मन हुईना. त्यानं वाटीभर तेल काढून घेतलं, बाकीचं परसातल्या खड्ड्यात वतलं, वर माती लोटली. आमच्यात मानूस गेला की खड्ड्यातच… तेच आठवलं दोघांस्नी.

मग कढई घासली. राख, वाळू, दगड, परत राख. तळाला पितळ निघालं. पिवळंजर्द. मल्लू म्हनला, "आयला, ही पितळंची हाय व्हय? मला वाटलं लोखंडाची."

मी हसून हसून लोळले. मल्लू बी. शांता बाहीर येऊन दोघांकडं बघत ऱ्हायली.

वाटीतलं तेल आप्पाच्या फोटूम्होरं दिव्यात घातलं. मल्लूची हौस.


५ मार्च

नव्या तेलात भजी. रंग पांढराफटक. गिरनीतला एक मागवाला म्हनला, "काय आक्का, भजी आजारी पडली का?" मी म्हनले, "बाळंतीन हाय, चार दिस थांब."

गिऱ्हाईक कमी झालं. मल्लूला मी बोलले न्हाय. त्यालाबी दिसतंय, तोबी बोलत न्हाय.

दिव्याचा धूर काळा येतो. आप्पाच्या फोटूची काच काजळली. पुसली तर चिकाट, पदराला लागलं, निघंना. एवढ्याशा वातीचं एवढं. जल्मभर ज्याच्यात गेलं त्याच्या आत काय बसलं असंल.

दिवा ईझवला. मल्लूला सांगितलं तेल संपलं.


१९ मार्च

मल्लू बरा हाय. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापतुर चालून येतो. गोळी लई दिसात लागली न्हाय. तोंडावर तजेला आला. मला म्हनतो, "आक्का, तू का सुकलीस? मिसरीच्या इरहानं का?"

सुमीसाठी मागावरची साडी आनली, हिरवी. ती अंगावर टाकून मल्लूम्होरं हुबी ऱ्हायली तर हा डोळे पुसतो. म्हनले, "आत्ताच रडलास तर लग्नात काय करशील, रडायला मानूस भाड्यानं आनशील का?"

दात आज दोनदा. लिवायचं न्हवतं.


२ एप्रिल

पाडव्याची धांदल झाली. अकलूजवाले येऊन याद्या करून गेले. मल्लू त्यांच्याबरं पानी घेऊन जिना चढायला लागला, भारी हौस. मी कळशी वढून घेतली. म्हनले, "पोरीचा बाप हायस, हमाल न्हाय." पाव्हनं हसलं. त्यास्नी काय कळलं न्हाय.

सगळं नीट चाललंय. भ्या वाटतंय.


८ एप्रिल

मल्लू गेला.


१३ एप्रिल

लिवनार न्हवते. पन कुनाला सांगू. चुगल्या ज्याच्या लिवायच्या तोच न्हाय.

सकाळची येळ हुती. कढईत नवं तेल वतलं, स्टो पेटवला. मल्लू म्हनला, "आज मी तळतो, तू कांदं चिर." लई दिसांनी बसला हुता कढईम्होरं. डॉ. नं थोडं थोडं बस म्हनून सांगितलतं. तेल अजून तापलं न्हवतं. झारा हातात. मी कांदं चिरत म्हनले, "बग रं, तापलं का." उत्तर न्हाय. परत म्हनले, "बहिरा झालास का मेल्या."

मेल्या म्हनले.

वर बघितलं तर बसलेलाच. मान खाली, छातीला टेकलेली. गोळी बंडीच्या खिशात हुती. धरायला येळच मिळाला न्हाय त्याला. दुखलं असंल का, ते बी कळलं न्हाय मला.

स्टो बंद केला आदी. कशाला केला? ते आदी का केलं? हात कांद्याचे. त्याच हातानी त्याचं तोंड धरलं.

आमच्यात जाळत न्हाईत. बसवून, विभूती फासून, गळ्यात लिंग, खड्ड्यातबी मांडी घालूनच बसवतात. जंगम मंतर म्हनत हुता. मी बघितलं, मल्लू कढईम्होरं बसायचा तस्साच बसला हुता. झारा तेवढा न्हवता हातात.


२१ एप्रिल

डॉ. घरी आला. चप्पल बाहीर काढून हुबा. शांताम्होरं मान खाली. मी बाहीर आल्यावर म्हनले, "तुमी सांगितलं ते सगळं केलं आमी. तेल टाकलं, तंबाखू टाकली. मग का गेला?"

डॉ. म्हनला, "आक्का, आत जे वर्षानुवर्षं बसलं होतं, ते दोन महिन्यांत निघत नाही. कढई घासता येते. नळी आतून घासता येत नाही अजून."

"मग काय उपेग झाला?"

"बरे गेले ना शेवटचे दिवस."

खरं बोलला. दुसऱ्या कुनी खरं बोललं नसतं. निघताना माज्याकडं बघून म्हनला, "तुम्ही एकदा या दवाखान्यात. पट्टी काढू. एका घरात असेल तर बघितलेलं बरं."

म्हनले, "मिरची भजी खाऊ घालती, मग काढा पट्टी." तो हसला न्हाय.


२ मे

गाडा बंद हाय. कढई पालथी घातलीय. सकाळी उनात पितळ चमकतं. शांता म्हनली झाकून ठेवा, बघवत न्हाय.

आज मिसरी लावली. शपत मल्लूसंगट हुती. तो न्हाय.


१६ मे

अकलूजची इहीन येनार म्हनून निरोप. मल्लूला जाऊन महिना उलटला. शांता काळजीत. सुमी भिंतीला टेकून बसलेली, हिरवी साडी टरंकेत. म्हनली, "आत्या, मोडलं तर मोडू द्या." असं म्हनली पन हाताची नखं खात हुती.


१९ मे

येऊन गेल्या इहीनबाई. मानूस वाईट न्हाय. शांताच्या गळ्यात पडून रडल्या, खरं रडल्या. मग पानी पिऊन सरळ बोलल्या.

"ताई, इचारू नये, पन पोराची आई हाय मी. मयताच्या घरात करायचं तर वरसाच्या आत, ह्या जेठातच, न्हायतर मग तीन वरसं थांबा. पन एक सांगा. आजा तसाच गेला, बाप तसाच गेला. तुमच्या घरान्यातच हाय का हे काळजाचं? सुमीला उद्या… पोरं हुतील तिला…"

शांताचं तोंड उतरलं. सुमी सैपाकघरात. तितनं भांड्याचा आवाज बंद झाला.

मी म्हनले, "घरान्यात काय न्हाय इहीनबाई. आमच्या आप्पाला आन भावाला गाड्याच्या धुरानं आन तंबाखूनं न्हेलं. आम्हा बायकास्नी कशाला हुतंय? माज्याकडं बघा की. मी त्येच रगत. मल्लूहून थोरली. रोज घागरी चढवती वर."

"व्हय, दिसताय तशा टनक."

"दिसती कशाला, दाखवती."

आन खाली जाऊन नळाखालची भरलेली घागर कमरंला मारली. एक कळशी हातात. इहीनबाई जिन्याच्या तोंडाशी हुब्या. हसत हसत चढले. मधल्या पायरीवर न्हाय थांबले. वरनं म्हनले बी, "शर्यत लावता का? हरला तर मानाची साडी माजी."

त्या हसल्या. खालनं म्हनल्या, "बया, ह्या तर तरन्या हाईत."

वर घागर ठिवली. दाराआड भिंतीला धरून हुबी ऱ्हायले. खाली जायला उशीर झाला. शांता म्हनली, "काय करत हुता आक्का?"

"दात कोरत हुते."

जेठातलं धरलं. साधंच, वाजंत्री न्हाय. इहीनबाई जाताना सुमीच्या डोक्यावरनं हात फिरवून गेल्या.


२० मे

निजून. शांताला वाटतं मल्लूसाठी निजलीय.


२३ मे

सुमीनं आज शेवया केल्या. गुणगुणत हुती, मी बघितलं तर गप झाली. बापाला जाऊन कितीक दिस झाले, आन गुणगुणावं, म्हनून लाजली. मी म्हनले, गा गं. तुजा बाप तर झोपेतसुदीक वरडायचा.

डॉ. गल्लीत भेटला. सायकल थांबवली. "आक्का, आला नाहीत."

"लगीन हाय घरात. लग्नानंतर येती."

"लग्नानंतर नक्की?"

"व्हय की. नाकपुश्या, तुला खोटं सांगू का?"

तोंडातनं निघून गेलं नाव. डोळे मोठ्ठे केले त्यानं. मग हसला, लई दिसांनी कुनी माज्यामुळं हसलं. सायकलवर बसून जाताना परत वळून बघितलं.

खरं तर तवाच सांगायला पायजे हुतं. गल्लीत. कुनी न्हवतं. पन त्यानं ॲडमिट केलं असतं, आन गल्लीला कळलं असतं, आन गल्लीतनं अकलूजला.


२७ मे

मल्लूच्या गोळ्यांची बाटली माज्या लुगड्यांच्या गाठुड्यात हाय. त्याच्या बंडीच्या खिशातनं मीच काढून घेतलती त्या दिशी, त्याला न्ह्यायच्या आदी. शांताला वाटतं त्याच्यासंगट गेली.

आज पान्याला गेले तवा एक धरली जिभेखाली. खरंच साखर न्हाय हिच्यात मल्ल्या. पन दुखायचं राहिलं. बसायच्या आदी राहिलं.

म्हंजे डॉक्टरचं खरं हाय.

आता ही वही चोरून वाचनारा कोन न्हाय. म्हनून लिवती. दात दुखतोय, दात दुखतोय म्हनून लिवत आले ते तुज्यासाठी. तू वाचशील म्हनून. डावीकडं मला दातच न्हाईत. कवाचे पडलेत, तुलाबी ठावं हुतं, तुज्या ध्यानात आलं न्हाय.

दुखतं ते छातीतनं वर येतं. मलाबी तेच हाय. तुज्या आदीपासनं हाय.